आठ, आठ, पाच

प्रेमात पडताना माणसाचा आ वासतो म्हणतात. तिचा आ डॉक्टरांनी आधीच वासून ठेवला होता, त्यामुळे प्रेम नक्की कुठल्या क्षणी आत शिरलं, ते तिला पुढे कधीच धड सांगता आलं नाही.

ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि समोरची भिंत जवळ यायच्या आत तो दाबायचा, हे तिचं काम. विद्यार्थी पाठीमागे तिला ‘ब्रेक मॅडम’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने गतिरोधकावरून गाडी अशी उडवली, की तिची आधीच ठणकणारी दाढ कळवळून उठली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाल धरून तिने दातांचा जो पहिला दवाखाना दिसला त्याच्यासमोर गाडी थांबवायला लावली.

आत खुर्ची होती, दिवा होता, डॉक्टरांना सगळं हातात देणाऱ्या जाडजूड मावशी होत्या आणि कोपऱ्यात चक्क एक रेकॉर्ड प्लेअर होता. डॉक्टर तरुण होते. मास्कच्या वर फक्त दोन डोळे, आणि त्या डोळ्यांवर भिंगांचा चष्मा. त्या भिंगांमुळे डोळे एवढे मोठे दिसत होते की त्यांच्याकडे बघावं की बघू नये, हेच तिला कळेना.

“रूट कॅनॉल करावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “घाबरू नका. हे गाणं संपेपर्यंत आजचं काम होईल.”

गाणं सुरू झालं आणि ती खरोखरच घाबरली. हे तर सेव्हन बॅरोमीटर्स! त्यांचं एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापतं. तिचा उजवा पाय आपोआप खुर्चीखाली ब्रेक शोधू लागला.

“रॉक संगीताला कुणी पुढे नेलं असेल तर यांनी,” तिच्या तोंडात कापसाचे बोळे खोचत डॉक्टर खुशीत बोलत होते. “खरे प्रोग्रेसिव्ह हेच. नाहीतर ते टिन अ‍ॅडमिरल्स! डोक्यावर टोप्या आणि तीन मिनिटांत गाणं खल्लास. गाणं म्हणायचं की साबणाची जाहिरात?”

“आं! आं आं!” ती खुर्चीतून अर्धी उठली.

“दुखलं?”

तिने जोरात मान हलवली. दुखलं होतं, पण दाढेत नाही. टिन अ‍ॅडमिरल्स म्हणजे तिच्या घरचा जीव की प्राण! तिने हात वर करून पाचही बोटं डॉक्टरांच्या नाकासमोर नाचवली.

“पाच? म्हणजे दहापैकी पाच दुखतंय?”

“ताईंना पाच मिनिटं थांबायचं असेल,” मावशी म्हणाल्या.

तिने पुन्हा पाच बोटं दाखवली, आणि डॉक्टरांनी खबरदारी म्हणून आणखी एक इंजेक्शन दिलं.

बाहेर पडताना तिचा अर्धा चेहरा आपला नव्हताच. तरीही दारात उभं राहून तिने हिशेब पुरा केला. “आफ... आफ... फाच,” ती म्हणाली, आणि ओठावरून लाळ ओघळू नये म्हणून रुमाल लावून ताठ मानेने निघून गेली.

“काय म्हणाल्या हो त्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“शिवी असावी,” मावशी म्हणाल्या.

ती शिवी नव्हती. त्या पाचावर तिचं सगळं घर उभं होतं. तिच्या बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता आणि बाबांपाशी टिन अ‍ॅडमिरल्सची एक जुनी रेकॉर्ड होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात ढोल आठ ठोक्यांच्या ओळीने चालतो. एक ओळ आठाची, दुसरी आठाची, आणि तिसरी... पाचावरच थांबते! तीन ठोके गायब, आणि गाणं पुढे धावत सुटतं. “सगळं जग आठपर्यंत मोजतं. पाचावर थांबायची छाती फक्त यांची,” असं बाबा येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. ती लहानपणी बाबांबरोबर जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी ती ओळ वाजवायची. घराचं दारही आठ, आठ, पाच असं वाजलं की घरचं माणूस, नुसतंच वाजलं की परकं. तेच गाणं फोनवर ऐकावं असं घरात कधी कुणाला वाटलंच नाही, कारण रेकॉर्ड हाताशी होती आणि बाबांच्या मते फोन बोलण्यासाठी असतो. आई या वादांत कधी पडत नसे. ती दर रविवारी नखं लाल रंगवायची आणि बाबांचं भाषण चालू असताना निवांत नखांवर फुंकर घालत बसायची.

दुसऱ्या खेपेला ती वेळेच्या आधीच पोचली. भांडायचं तर तोंड रिकामं असतानाच भांडायला हवं.

“डॉक्टर, लांबण लावणं म्हणजे प्रगती नव्हे,” तिने बसता बसता सुरुवात केली. “माझा एक विद्यार्थी गाडी पार्क करायला अर्धा तास घेतो. त्याला मी प्रोग्रेसिव्ह म्हणायचं का?”

“त्याच्याकडे बासरी आहे का? आमच्याकडे आहे. वाद्यवृंद आहे. सात भाग आहेत.”

“ते सगळं युरोपातल्या जुन्या दरबारी संगीतातून उचललेलं. रिव्हर्स गिअर टाकायचा आणि पुढे चाललोय म्हणून हॉर्न वाजवायचा!”

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. ती पहिल्यांदाच सगळा चेहरा बघत होती. हनुवटीवर एक बारीकशी खळी... तीही उगाचच. “आणि तुमचे अ‍ॅडमिरल्स?” ते म्हणाले. “ते कुठल्या गिअरमध्ये आहेत?”

“ते पाचव्या,” ती म्हणाली आणि तिने त्यांना आठ, आठ, पाच खुर्चीच्या हातावर वाजवून दाखवलं. “घरचं माणूस आलं की आमचं दारही असंच वाजतं.”

डॉक्टरांनी ते लक्ष देऊन ऐकलं. अगदी मान तिरकी करून. मग हळूच म्हणाले, “पुन्हा वाजवा ना.”

“मी सांगू का?” मावशी मध्येच म्हणाल्या. “एक लवकर संपतं, दुसरं संपतच नाही. दोन्ही डोक्याला ताप. तोंड उघडा, ताई.”

काम आटोपलं तेव्हा बाहेर भुरभुर सुरू झाली होती. डॉक्टरांकडे छत्री नव्हती, तिच्याकडे शिकवणीची गाडी होती. “बसा, सोडते,” ती म्हणाली. ती चालवत असल्यामुळे डॉक्टर तिच्या नेहमीच्या जागेवर बसले, आणि तिचा तो लाडका ब्रेक डॉक्टरांच्या पायाखाली गेला. काचेवर वायपर एका लयीत फिरत होते. दोघं काही न बोलता तेच मोजत होते, आणि दोघांनाही कळत होतं की दुसराही मोजतोय.

“मी बॅरोमीटर्सची ती बाजू ऐकली,” ती समोर बघत म्हणाली. “गाडीत. पूर्ण.”

“आणि?”

“बासरी यायच्या आधी सगळी वाद्यं गप्प होतात ना... तिथे माझं वळण चुकलं.”

डॉक्टरांना एवढा आनंद झाला की त्यांनी पाय जोरात आपटला. भर रस्त्यात गाडी कचकन थांबली. मागच्या चार गाड्यांनी त्यांचा उद्धार केला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी तिचा ब्रेक दाबला होता, आणि तिला राग यायच्या ऐवजी हसू येत होतं. हे लक्षण काही बरं नव्हतं.

उतरताना डॉक्टर म्हणाले, “या रविवारी रेकॉर्डच्या दुकानात बैठक आहे. मी बॅरोमीटर्सच्या बाजूने बोलणार आहे. अ‍ॅडमिरल्सच्या बाजूने कुणी मिळत नाहीये...”

“आता मिळालं,” ती म्हणाली.

त्या दुकानाची रीत अशी, की महिन्यातून एकदा श्रोते जमायचे आणि कुठली तरी जुनी भांडणं काढून बसायचे. दुकानदाराकडे ‘प्रोग्रेसिव्ह’ अशी पाटी लावलेला एकच कप्पा होता आणि तो भरून वाहत होता. दोघांपैकी एकच बँड त्यात राहील, हरलेल्याची रवानगी मोरीशेजारच्या ‘इतर’ खोक्यात, असं त्याने जाहीर केलं. घरी ही बातमी कळताच बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला. “मी पहिल्या रांगेत बसणार. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगितलं, आता चारचौघांत माझी मुलगी सांगणार,” ते म्हणाले, आणि पुसलेली रेकॉर्ड पुन्हा पुसायला बसले. ती हरली असती तरी चाललं असतं, पण बाबांचा पाच हरून चालणार नव्हता.

शनिवारी तिसरी खेप होती. कोपऱ्यातला प्लेअर बंद होता.

“आज गाणं नाही?”

“सुई... जरा बिघडलीय.”

डॉक्टर तिच्याकडे बघत नव्हते. दाढेवरच्या कॅपसाठी माप घेतलं, बोळे काढले, हातमोजे उगाच दोनदा ओढले. “तुम्हाला एक सांगायचं होतं,” ते शेवटी म्हणाले.

तिचं काळीज ढोलासारखं वाजायला लागलं. “सांगा ना.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं, मिटलं. “...फार गरम काही खाऊ नका.”

ती तणतणत बाहेर पडली. एवढा मोठा आवंढा गिळायचा आणि त्यातून काय निघालं, तर गरम खाऊ नका! बासरीआधीची शांतता ऐकून वळण चुकणारी तीच मूर्ख, असं ठरवून तिने त्या दिवशी दोन विद्यार्थ्यांना विनाकारण झापलं.

रविवारी दुकान भरलं होतं. बाबा पहिल्या रांगेत, शेजारी ताजी लाल नखं वाळवत आई. डॉक्टर आधी बोलले, पण त्यात काही जीव नव्हता. सात भाग, बासरी, वाद्यवृंद, सगळं औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसं सांगून ते बसले. मग ती उठली. तिने गिअर आणि गाड्यांवर सगळ्यांना पोटभर हसवलं आणि शेवटी बाबांची रेकॉर्ड लावली.

आठ. आठ. पाच!

दुकानात एकच गलका झाला. लोक मांड्यांवर, खोक्यांवर ठोके मोजायला लागले. बाबा डोळे मिटून हसत होते.

“डॉक्टर, उत्तर?” दुकानदाराने विचारलं.

डॉक्टर उभे राहिले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “काही नाही. पाच म्हणजे पाच. मी हरलो.”

टाळ्या पडल्या. तिने मात्र टाळ्या ऐकल्याच नाहीत. हे डोळे तिच्या ओळखीचे होते. नेहमी बडबडणारा विद्यार्थी एकाएकी गप्प झाला, की समजावं, गाडी कुठेतरी घासलेली आहे. तिने खाली पाहिलं. डॉक्टरांच्या पायाशी एक पिशवी होती आणि ते ती टाचेने हळूहळू खुर्चीखाली सरकवत होते.

ती तडक गेली आणि तिने पिशवी उचलली. आत टिन अ‍ॅडमिरल्स. तीच रेकॉर्ड, नवी कोरी म्हणावी इतकी जपलेली.

“हे काय?”

“विकत घेतली.”

“तुम्ही? साबणाची जाहिरात?”

“तुम्हाला आवडते म्हणून,” डॉक्टर म्हणाले, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी शीळ घातली.

“मग आत्ता वाजवली का नाहीत?”

दातांच्या डॉक्टरचीच दातखीळ बसली होती. तिने रेकॉर्ड काढली आणि प्लेअरवर चढवली. डॉक्टर अस्फुटसे “नको ना...” म्हणाले, पण सुई टेकली होती.

आठ. आठ. आठ.

तिने पुन्हा लावली. आठ. आठ. आठ. शहाण्यासारखं, सरळ, शेवटपर्यंत आठ. तिचे कान तापले. बाबांच्या मांडीवरचा हात पाचावर थांबून तसाच वर राहिला होता, त्याला खाली कुठे ठेवावं ते कळत नसल्यासारखा.

“तुम्हाला माहीत होतं,” ती डॉक्टरांना म्हणाली.

“शुक्रवारपासून.”

“आणि तुम्ही मला जिंकू दिलंत? दया म्हणून?”

“दया नाही हो... काल सांगणार होतो, जीभच उचलली नाही. आणि आज तुमचे बाबा समोर बसले होते. त्यांचा चेहरा बघून... मला नाही जमलं.”

“मी गाडीत ब्रेक दाबते ना, तो शेजारच्याला सांगून दाबते! पडायचं असेल तर मला माझ्या पायाने पडू द्यायचं होतं.”

“चुकलो,” डॉक्टर म्हणाले. पुढे सबब नाही, लांबण नाही. बॅरोमीटर्सच्या माणसाने एवढं छोटं उत्तर आयुष्यात दिलं नसेल, आणि तेवढ्यानेच तिचा निम्मा राग उतरला.

उरलेला निम्मा कशावर काढावा, हे तिला कळेना. डॉक्टरांनी खिशातून भिंगांचा चष्मा काढला आणि बाबांच्या रेकॉर्डवर वाकले. दाढेत बघावं तितक्याच गंभीरपणे त्यांनी ती दिव्याखाली फिरवली. “ओरखडा नाही,” ते पुटपुटले. “झीजही नाही. वरून काहीतरी बसलंय. थेंबाएवढं. सुई तिथे आली की उडते आणि पुढच्या रेघेत पडते... तेवढ्यात तीन ठोके जातात. रंग... लाल आहे.”

“नेलपॉलिश आहे ते,” आई म्हणाली.

सगळं दुकान तिच्याकडे वळलं. आईने शांतपणे डाव्या हाताच्या नखांवर फुंकर घातली.

“लग्नाआधीची गोष्ट. यांनी मला गाणी ऐकायला बोलावलं. रेकॉर्ड त्याच दिवशी आणली होती. एक बाजू झाली, हा माणूस डोळे मिटून. मी नवी साडी नेसलेली, नखं रंगवत बसलेली, माझ्याकडे बघेल तर शपथ! बाजू उलटायला मीच उठले. ब्रश हातातच होता. थेंब पडला. पुसणार होते. मग म्हटलं, पडला तर पडला.”

“म्हणजे... मुद्दाम?” बाबांनी विचारलं.

“अर्धं मुद्दाम,” आई म्हणाली. “शेवटच्या गाण्यात सुई उडाली आणि तुम्ही पहिल्यांदा डोळे उघडलेत. ‘ऐकलंस? पाच!’ म्हणून ओरडलात आणि माझा हात धरलात. आता धरलेला हात सोडवून घेऊन मी कशाला सांगू, की अहो, आठच आहेत?”

बाबांनी तो हवेत राहिलेला हात अलगद खाली आणला आणि आईच्या हातावर ठेवला, ओल्या नखांची पर्वा न करता.

“म्हणजे आमच्या घरात सगळ्यांत प्रोग्रेसिव्ह तू निघालीस,” ते म्हणाले.

दुकान हसण्यात बुडालं. डॉक्टर मात्र अजून भिंगातूनच बघत होते. “बारीक हत्याराने काढता येईल हो. एका मिनिटात. रेकॉर्डला काही होणार नाही.”

“खबरदार!” बाप-लेक एका सुरात ओरडले.

दुकानदाराने शेवटी कपाळाला हात लावला आणि दोन्ही बँड ‘इतर’ खोक्यात टाकले, शेजारी शेजारी, एकाला एक टेकून. त्यावर कुणीच तक्रार केली नाही.

कॅप बसवायचा दिवस उजाडला. ही शेवटची खेप. कोपऱ्यात बॅरोमीटर्स हलक्या आवाजात चालू होते आणि मावशी कधी नव्हे ते काहीतरी आणायला बाहेर गेल्या होत्या. डॉक्टरांनी कॅप बसवली आणि वर कापसाचा बोळा ठेवला. “आता घट्ट चावून धरा. सिमेंट वाळेपर्यंत तोंड अजिबात उघडायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही.”

तिने मान हलवली. डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले. भिंगं काढली, मास्क काढला. ती खळी घाबरलेली दिसत होती.

“तुम्ही आता माझ्या पेशंट नाही,” ते म्हणाले. “म्हणजे दाढ पुरी झाली. आता मी बोलू शकतो. सांगून ब्रेक दाबा म्हणाला होतात, म्हणून आधी सांगतो... मी तुम्हाला काहीतरी विचारणार आहे.” ते थांबले. “मला तुम्ही आवडता. फार. दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून तुम्ही माझ्याशी भांडताय, आणि ज्या दिवशी तुम्ही येत नाही त्या दिवशी मावशी म्हणतात, आज दवाखाना मेल्यासारखा वाटतो. मावशी! मग माझं काय होत असेल? मला जन्मभर तुमच्याशी हा वाद घालायचा आहे. जिंकायचं नाही. म्हणजे, अधूनमधून जिंकलो तर... बघा, मी पुन्हा लांबण लावतोय. तुम्हाला... चालेल का?”

ती नुसती बघत राहिली. ओठ मिटलेले, दात दातांवर, डोळ्यांत पाणी. या माणसाने अशी वेळ निवडावी!

“ओह,” डॉक्टर दचकले. “तुम्हाला बोलता येणार नाही. मी... मी किती मूर्ख आहे. थांबू आपण. सिमेंट वाळू दे.” आणि लाजून त्यांनी मान खाली घातली, ती अगदी बुटांपर्यंत.

त्याच वेळी कोपऱ्यातली सगळी वाद्यं गप्प झाली. बासरी अजून यायची होती.

तिने हात लांब केला आणि हत्यारांच्या स्टीलच्या ट्रेवर बोटांनी वाजवलं. आठ. डॉक्टर तसेच. आठ. डॉक्टरांचे कान लाल झाले. मग पाच... आणि ती थांबली.

डॉक्टरांनी मान वर केली.